एकाचा सात

गेले तीन आठवडे घरच्या मंडळींचे फोन येताहेत आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "बंदुकीचं काय ठरलं?" पुण्याची आत्या विचारते, अमरावतीचे मामा विचारतात, ब्राम्प्टनचा भाचा तर रात्री अकराला व्हिडिओ कॉल करून विचारतो. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं इथेच लिहून टाकावं. ब्लॉगवाल्या दोस्तांनो, तुमची काही हरकत नसेल असं धरून चालतो. माझा स्वयंपाकघराचा नळ आणि खामल्याचा भाजीबाजार तुम्ही वाचला आहे, तर बंदूकही चालून जाईल :)

बंदूक आजोबांची. बारा बोअरची दुनळी. १९५८ साली घेतलेली, म्हणजे आजचा शस्त्र कायदा यायच्याही आधीची. हा कायदा १९५९ चा आणि लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याआधी इंग्रजांचा १८७८ चा कायदा होता, लॉर्ड लिटनच्या काळातला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्या साहेबाला सूट, असा त्याचा न्याय. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव झाले होते. आजोबांच्या पिढीला म्हणून परवाना हा कागद नव्हे, मान वाटायचा. आपल्यालाही सरकारने माणूस मानलं, असा. आमच्याकडे लग्नाच्या फोटोशेजारी परवान्याचं पुस्तक ठेवलेलं असायचं ते उगाच नाही.

आमचं गाव बोर अभयारण्याच्या बाजूला. त्या पट्ट्यात शिकारीच्या गोष्टी घरोघरी आहेत, आणि त्यातल्या निम्म्या खोट्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या गोष्टी संपल्या आणि बंदूक राखणीपुरती उरली. रानडुक्कर आणि रोही (पुण्याच्या वाचकांसाठी, नीलगाय) तुरीत घुसले की हवेत एक बार. जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला त्याच कायद्याखाली वनखात्याकडे स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. एका बंदुकीच्या नोंदी किती ठिकाणी असतात ते यावरून लक्षात यावं. पोलीस ठाणं, परवाना देणारं कार्यालय, वनखातं आणि आता देशभराची संगणकीय नोंद, ज्यात प्रत्येक परवानाधारकाला एक क्रमांक मिळतो.

आजोबांनंतर परवाना मोठेबाबांच्या नावावर झाला. मोठेबाबा आता चौऱ्याहत्तरचे. खांदा दुखतो, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय चांगली आहे. वारसाच्या नावावर परवाना व्हायला आधीच्या माणसाने मरायलाच पाहिजे असं नाही. परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारस सुचवू शकतो. तेव्हा ठरलं की गावचा दादा, जो प्रत्यक्ष शेती करतो, त्याच्या नावावर करायची. बाकीच्या वारसांनी ना-हरकत द्यायची. मी दिली, आत्याने दिली, सगळं सुरळीत.

अर्ज भरायला कागद माझ्याकडे आले कारण घरात इंग्रजी फॉर्म भरणारा मीच. मी गावी गेलो, भिंग घेतलं, बंदुकीवरचा नंबर वाचला, परवान्यातला वाचला. शेवटून तिसरा आकडा बंदुकीवर एक आहे. परवान्यात सात.

आजोबांच्या मूळ पुस्तकात तो एकच आहे, पण जुन्या वळणाचा, डोक्यावर छोटी शेपटी असलेला. केव्हातरी, कुठल्यातरी टेबलावर पुस्तक बदललं तेव्हा लिहिणाऱ्याला तो सात वाटला. त्यानंतरच्या प्रत्येक नूतनीकरणात सात. संगणकात भरलं तेव्हाही सात. कोणी बंदूक हातात घेऊन नंबर ताडून पाहिला नाही, पुस्तकावरून पुस्तक उतरवत गेले. पस्तीस-एक वर्षं झाली असतील.

आता याचा अर्थ काय होतो तो बघा. कागदावर जी बंदूक आहे ती आमच्याकडे नाही. आमच्याकडे जी आहे ती कागदावर नाही. उद्या कोणी काटेकोर अधिकारी आला तर मोठेबाबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात सिग्नल तोडला नाही, ते विनापरवाना शस्त्र बाळगणारे ठरू शकतात.

घरात बैठक बसली. गावच्या दादाचा उपाय सगळ्यात सोपा. "एका आकड्यासाठी कायले इतकं डोकं खपवतं बे? छन्नी घे, एकाच्या डोक्यावर आडवी रेघ मार, झाला सात. अन् मोकळा हो." दोघं-तिघं हसले. पण हसण्यात थोडी मान्यताही होती, ती मला दिसली. आत्याच्या यजमानांनी तर ओळखीचा लोहारही सुचवला.

हा लेख खरं म्हणजे त्या हसण्यासाठी आहे.

शस्त्र कायद्याचं आठवं कलम वाचा. बंदुकीवरचं बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं, खोटी करणं हा गुन्हा. इथपर्यंत कोणालाही सुचेल. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. ज्याच्या ताब्यात अशी बदललेल्या नंबराची बंदूक सापडेल, त्यानेच तो बदल केला असं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे लोहाराने मारलेली रेघ मोठेबाबांनी मारलेली ठरणार, आणि बंदूक दादाच्या नावावर झाली की दादाने मारलेली. पुढे त्याच्या मुलाने. आज कारकुनाची चूक आहे, निस्तरता येण्यासारखी. रेघ मारली की ती आमची होते आणि कायमची होते. पोलादावरची ताजी रेघ जाणत्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही, हे वेगळंच.

माझं म्हणणं एवढंच आहे. कागद चुकला असेल तर कागद दुरुस्त करायचा. लोखंडाला कागदासारखं करायला जायचं नाही.

आपल्याकडे हे उलटं करायची सवय मुरलेली आहे. सातबाऱ्यावर विहीर दाखवली आहे आणि शेतात नाही, तर एखादा खड्डा खणून फोटो काढणारे लोक मी पाहिलेत. मुलाची जन्मतारीख शाळेत चुकीची लागली तर आईबाप मुलाचा वाढदिवसच त्या तारखेला करायला लागतात. (आमच्या पिढीतले निम्मे लोक १ जून किंवा १ जुलैला जन्मलेले का आहेत, हे वेगळं सांगायला नको.) वाढदिवसाचं ठीक आहे हो, त्याने कोणी मरत नाही.

त्याच बैठकीत दुसरी सूचना आली ती नळीची. दादाच्या मते दुनळी लांब आहे, माळ्यावर चढताना अडते, ट्रॅक्टरवर तर ठेवताच येत नाही. नाहीतरी नव्याने नावावर होतेच आहे तर सहा-आठ इंच कापून घेऊ, हातासरशी दस्ताही बदलू. आता इथे मात्र मला खरोखर घाम फुटला. नळी आखूड करायची तर सहाव्या कलमाखाली आधी वेगळा परवाना लागतो, आणि साध्या परवानाधारकाला तो कोणी सहज देत नाही. तो नसताना कापली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. एका करवतीच्या पात्याने! त्याच दुरुस्तीने एका प्रकारच्या शस्त्राचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणंही या कलमात आणलं. सैन्याची 'थ्री नॉट थ्री' खाजगी माणसाला वर्ज्य आणि इशापूरच्या कारखान्याची ३१५ बोअरची चालते, हे गावच्या चहाच्या टपरीवरही माहीत असतं. पण एकीची दुसरी करणं हा वेगळाच गुन्हा आहे हे माहीत नसतं.

कायद्याला नळीच्या लांबीचं इतकं काय पडलंय, असं दादाने विचारलं. रास्त प्रश्न आहे. शेतराखणीसाठी किंवा खेळासाठी जी साधी, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मिळते, तिची नळी किमान वीस इंच असावी असं कायदा म्हणतो. वीस इंचांची नळी आणि त्यामागे दस्ता, एवढं लांबलचक धूड सदऱ्याखाली लपत नाही. आखूड केलं की लपतं. शेतकऱ्याचं अवजार आणि खंडणीखोराचं हत्यार यांत फरक कधीकधी फक्त तेवढ्या सात-आठ इंचांचा असतो. आणि दादाच्या फायद्याचंही सांगतो. जुन्या दुनळीच्या तोंडाशी नळी आतून किंचित निमुळती केलेली असते, छर्रे एकत्र जावेत म्हणून. बहुधा एक नळी जास्त निमुळती, एक कमी. नेमका तोच भाग कापला की छर्रे लगेच फाकतात, तीस पावलांवरचा नेम गेला. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी झाळलेली असते, करवतीने तीही सैल होऊ शकते. म्हणजे तुरुंगाचा धोका पत्करून हाती येणार एक बिघडलेली बंदूक.

दस्ता बदलायला हरकत नाही. पण तोही गावच्या सुताराकडे नाही, ज्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना आहे त्याच्याकडे, आणि त्याच्या वहीत नोंद करून. तेल घालणं, नळी पुसणं आपण घरी करतो तसं करायचं.

आता ब्राम्प्टनच्या भाच्याकडे वळू. हा पोरगा तिकडे गेल्यावर शिकारीच्या नादाला लागला, रीतसर परीक्षा देऊन परवाना काढला, आणि आता एक बोल्टची रायफल बाळगून आहे. त्याचं म्हणणं, "मामा, इकडे साध्या रायफलची नोंदणीच नाही. नळी बदलली, दस्ता बदलला, कोणाला सांगावं लागत नाही. तुम्ही लोक अजून १८७८ मध्येच आहात."

त्याचं बोलणं अर्धं खरं आहे. कॅनडात तीन वर्ग आहेत. निर्बंध नसलेली, निर्बंध असलेली आणि निषिद्ध. पहिल्या वर्गातल्या लांब बंदुकांची नोंदणी संघराज्याच्या पातळीवर आता नाही. क्वेबेक प्रांताने मात्र २०१८ पासून स्वतःची सुरू केली आहे. पण नोंदणी नाही म्हणजे बदल मोकळे, असं मुळीच नाही. रायफल किंवा छऱ्याची बंदूक कापून नळी ४५७ मिलिमीटरपेक्षा कमी झाली, किंवा सगळी मिळून लांबी ६६० मिलिमीटरच्या खाली गेली, की ती थेट निषिद्ध वर्गात. ४५७ मिलिमीटर म्हणजे अठरा इंच. आमचे वीस, त्यांचे अठरा, दोन इंचांचाच फरक! आणि तिथे बारकावा असा की कारखान्यातून आखूड आलेली काही बंदुका चालतात, घरी कापून तेवढीच केलेली चालत नाही. कायद्याचा आक्षेप आखूडपणापेक्षा कापण्याला आहे. ज्यांची नोंद आहे अशा बंदुकीत वर्ग बदलेल असा फेरफार केला तर तिथेही नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. भाच्याला हे माहीत होतं. मामापुढे फुशारकी मारायची म्हणून सांगितलं नाही.

त्यांच्याकडे लांब बंदुकांची नोंदणी आली कशी आणि गेली कशी, हे मात्र वाचण्यासारखं आहे. ६ डिसेंबर १९८९ ला माँट्रियलच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एका माणसाने रायफलने चौदा बायकांना मारलं. त्या धक्क्यातून पुढे १९९५ चा कायदा झाला, सगळ्या बंदुकांची नोंद करायची असं ठरलं. निव्वळ खर्च २० लाख डॉलर येईल म्हणाले होते. २००२ साली त्यांच्या महालेखापरीक्षकांनी सांगितलं की तो १ अब्जाकडे चाललाय. शेतकरी चिडले, गावाकडचे मतदार चिडले, २०१२ मध्ये नोंदणी रद्द झाली आणि जमवलेली माहितीही नष्ट करायचं ठरलं. क्वेबेक म्हणालं, नष्ट करू नका, आमच्या प्रांताची आम्हाला द्या. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालाने हरले. मग त्यांना सगळं पहिल्यापासून लिहायला बसावं लागलं.

मला यातलं खर्चाचं गाऱ्हाणं पटतं. पण लिहिलेलं पुसून टाकणं पटत नाही. माणूस जातो, बंदूक राहते. आमची बंदूक आजोबा गेल्यावर राहिली, मोठेबाबांनंतर राहील, नीट तेल घातलं तर दादाच्या नातवालाही पुरेल. शंभर वर्षं टिकणारी आणि एका क्षणात माणूस मारू शकणारी वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, तिच्यात काय बदललं, हे कुठेतरी सलग लिहिलेलं असलंच पाहिजे. ज्यांना वाटतं की ही घरची वस्तू, आजोबांची आठवण, सरकारचा काय संबंध, त्यांच्याशी माझं पटत नाही. आजोबांचा पितळी डबा ही आठवण. बंदूक ही आठवण नाही.

पण मग सरकारनेही ते नीट लिहावं ना! माझी तक्रार तिथे आहे. नळी कापली तर सात वर्षं, नंबरावर ओरखडा उठला तर आरोपी तू. ठीक, मान्य. पण तुझ्याच बाजूने आकडा चुकला तर? त्याची खिडकी कुठली, अर्ज कुठला, किती दिवसांत? मी विचारायला गेलो तिथल्या माणसाने आधी सांगितलं की संगणकातली नोंद बदलता येत नाही. नंतर म्हणाला बंदूक जमा करा, मग बघू. मग खासगीत, अगदी आपुलकीने, म्हणाला, "काही बोलूच नका ना भाऊ, इतकी वर्षं चाललं." चांगला माणूस होता, चहा पाजला. पण असाच सल्ला मिळत गेला की लोक छन्नीकडे वळतात. दादाला मी रागावलो खरा, पण त्याला छन्नी कोणी सुचवली याचाही विचार करायला हवा.

तोडगा मोठीआईने काढला. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, हे गावाकडच्या लोकांना पाठ आहे. (अलीकडे प्रत्येकाचं प्रकरण तपासून ठरवायचं असतं म्हणे, पण आमच्याकडे हवालदार दारात आला की बंदूक निघते.) जमा करताना पावती मिळते आणि त्या पावतीवर नंबर पुस्तकातून नाही, बंदुकीवरून उतरवतात. निदान आमच्या ठाण्यातला कोणीतरी तसं करत होता, देव त्याचं भलं करो. मोठीआईने डालड्याच्या जुन्या डब्यात या पावत्या १९८४ पासून ठेवल्या होत्या. का ठेवल्या विचारलं तर म्हणाली, "कागद हाय न बाप्पा, फेकू कसा?" अकरा पावत्या निघाल्या. नऊंवर एक आहे, एकीवर सात, एक उंदराने खाल्ली. शिवाय आजोबांच्या खरेदीची पावती, तिच्यावरही एक.

तेव्हा मंडळी, ठरलं ते असं. आधी नंबर दुरुस्तीचा अर्ज, सोबत या पावत्यांच्या प्रती, मूळ पुस्तकाची प्रत, आणि बंदूक प्रत्यक्ष तपासून घ्या अशी आमचीच विनंती. ती लेखी आणि पोच घेऊन. दुरुस्ती झाल्यावर मगच दादाच्या नावाचा अर्ज. त्याला शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, घरात कुलूपबंद जागा दाखवावी लागेल, वनखात्याकडे नाव नोंदवावं लागेल. पोलीस चौकशी होईल. सहा महिने जातील, वर्षही जाईल. नळीला कोणी हात लावायचा नाही. दस्ता नंतर बघू.

मोठीआईची एक इच्छा उरते. तिला वाटतं की दादाला नको झालीच तर बंदूक निकामी करून प्रतापनगरच्या आमच्या बैठकीत आजोबांच्या फोटोखाली लावावी. मोठीआई, तू हे नातीकडून वाचून घेशील म्हणून इथेच सांगतो. कायद्यातून सुटायला ती दुरुस्त करूनही कधी चालणार नाही इतकी निकामी असावी लागते, आणि तसं ती करून घ्यायची तीही सरकारला विचारून, आपल्या मनाने नळीत वेल्डिंग ओतून नाही. शिवाय खरं सांगू का, मला ती इथे नको. दोन खोल्यांपलीकडे पोरं खेळतात, खाली रोज दहा माणसं येतात-जातात. दादाला नको झाली तर परवान्याच्या विक्रेत्याला विकू किंवा ठाण्यात जमा करू, आणि त्याची पावती तुझ्या डब्यात.

ज्यांच्या ना-हरकतीवर सह्या बाकी आहेत त्यांनी या रविवारपर्यंत पाठवा. अमरावतीचे मामा, तुमची लागत नाही, तुम्ही आईकडचे. आणि ज्यांच्या घरी अशी जुनी बंदूक असेल त्यांनी एकदा भिंग घेऊन नंबर वाचा, परवाना समोर धरून. मला खाली कळवा काय निघालं ते.